दगडावरची सोनेवस्ती

(दृश्य : चित्राचा खालचा कोपरा, अगदी जवळून.)

एस. टी. जी. चित्राच्या कोपऱ्यात एवढीच सही. चित्रकाराचं पूर्ण नाव सॅम्युअल थॉमस गिल. जन्म 1818 चा, इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातला. वडील धर्मोपदेशक. 1839 च्या अखेरीस हे कुटुंब बोटीनं ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडला उतरलं आणि पुढच्याच वर्षी पोरानं स्टुडिओ थाटून पेपरात जाहिरात दिली : माणसांची चित्रं काढून मिळतील, घोड्यांची मिळतील, कुत्र्यांचीही. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, हा बाणा त्यानं शेवटपर्यंत पाळला.

(दृश्य : जलरंग. उजाड माळ, तंबू.)

हे 1846 सालचं. जॉन हॉरॉक्स नावाचा जमीनदार उत्तरेकडे नवी जमीन शोधायला निघाला आणि चित्रं काढायला गिलला बरोबर घेतलं. तांड्यात एक उंट होता, नाव हॅरी. हॉरॉक्स बंदूक भरत असताना शेजारी बसलेल्या हॅरीनं अंग हलवलं आणि बार उडाला. मालकाचं बोट गेलं, दात गेले आणि तीन आठवड्यांत जीवही गेला. उंटाला गोळी घाला, असं तो मरण्याआधी सांगून गेला होता. जखमी हॉरॉक्स ज्या तंबूत पडून होता, तो गिलनं रंगवला. तोच हा.

(दृश्य : ओढ्याकाठी खोदणारी गर्दी.)

1851 मध्ये व्हिक्टोरियात, मेलबर्न शहर असलेल्या वसाहतीत, सोनं सापडल्याची बातमी फुटली. कारकून कचेऱ्या सोडून निघाले, खलाशी बंदरात जहाजं टाकून पळाले. गिलही निघाला, 1852 मध्ये. सोनं त्याला लाभलं नाही. लाभली ती गर्दी.

(दृश्य : चुनखडीचा दगड. वाळू, पाणी, दुसरा दगड गोल फिरतोय.)

इथं जरा थांबू. हे प्रात्यक्षिक आजचं आहे, आपल्याकडच्या एका कलाशाळेतलं. पण गिलच्या वेळी मेलबर्नमध्ये काम असंच चालायचं. याला शिळाछाप म्हणतात. मुंबईत गणपत कृष्णाजींनी पंचांगं छापली ती याच रीतीनं.

दगड चुनखडीचा. नामांकित दगड जर्मनीतल्या बव्हेरियातून यायचा. दोन दगड तोंडाला तोंड लावून मध्ये वाळू नि पाणी घालायचं आणि घासत राहायचं. मागचं चित्र पुरतं पुसलं जातं, दगड पुन्हा कोरा होतो. म्हणजे एकाच दगडावर किती चित्रं येऊन गेली याचा पत्ता राहत नाही.

(दृश्य : खडूनं रेघ ओढणारा हात.)

आता तेलकट खडू. रेघ ओढली की चूक खोडायची सोय जवळजवळ नाही. आणि सगळं उलटं काढायचं. डावखुरा दिसणारा माणूस कागदावर उजवा होतो, दुकानाची पाटी उजवीकडून डावीकडे लिहावी लागते. पुष्कळ ठिकाणी चित्रकार कागदावर चित्र देई आणि दगडावर ते दुसराच कोणी उतरवी. गिल स्वतः दगडावर काढायचा, म्हणून त्याची रेघ अशी सैल, चालती-बोलती उतरली.

(दृश्य : स्पंज, रूळ, मग कागद उचलला जातो.)

मग डिंकाच्या पाण्यात थोडं आम्ल मिसळून ते दगडावर फिरवायचं. त्यानं खडूची रेघ पक्की होते आणि कोरी जागा पाणी धरायला लागते. छापताना आधी ओला बोळा, नंतर शाईचा रूळ. पाणी बसलेल्या जागी शाई धरत नाही, खडूच्या रेघेवर मात्र धरते. वर कागद घालून दाबाखालून काढला की झालं. पुन्हा पाणी, पुन्हा शाई, पुढचा कागद. दिवसभर हेच. तैलचित्र एका दिवाणखान्यात एकदाच टांगलं जातं. हे कागद खाणीवरचे मजूर विकत घेऊ शकत होते, पाकिटात घालून विलायतेला घरी पाठवू शकत होते. ‘आम्ही इथं असे राहतो’ हे दाखवायला.

(दृश्य : बेंडिगो या खाणगावाचं चित्र. बाई, मूल, लाकडी पेटी.)

ही बाई बघा. छातीशी मूल, आणि एका हातानं सोन्याची माती धुवायची पेटी हलवतेय. अशा बाईचं तैलचित्र कोणी काढवून घेतलं नसतं.

(दृश्य : परवाना तपासणारे शिपाई.)

आणि हे शिपाई. सोनं सापडो न सापडो, महिन्याला 30 शिलिंग भरून परवाना घ्यायचा आणि मागितला की दाखवायचा. शिपाई येताना दिसले की ‘जो! जो!’ अशी आरोळी खाणीतून खाणीत पोचायची. गव्हर्नर ला ट्रोब यांच्या नावात जोसेफ होतं, त्याची ही थट्टा. 1854 च्या डिसेंबरात बॅलरॅटच्या युरेका खाणीवर या परवान्यापायी रक्त सांडलं.

(दृश्य : बॅलरॅटचा मुख्य रस्ता, पाटी.)

‘जॉन आलूज चायनीज रेस्टॉरंट’. 1855 चा छाप. पाटी वाचताना आठवा, दगडावर ही अक्षरं उलटी काढली आहेत. त्याच वर्षी व्हिक्टोरियानं येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर 10 पौंडांचा कर बसवला. मग जहाजं त्यांना शेजारच्या वसाहतीत, रोब बंदरावर उतरवू लागली आणि तिथून ते शेकडो मैल पायी खाणींवर आले.

(दृश्य : टोप हॅट घातलेला पुरुष, छत्री घेतलेली स्त्री.)

या चित्राचं नाव ‘नेटिव्ह डिग्निटी’. गोऱ्यांनी टाकून दिलेले कपडे घालून एक आदिवासी जोडपं शहरातल्या रस्त्यानं ऐटीत चाललंय. मागं एक गोरं, झकपक जोडपं त्यांच्याकडे बघतंय. काहींना यात गोऱ्यांचीच फिरकी दिसते, कारण मागच्या जोडप्याची ऐट पुढच्यापेक्षा वेगळी नाही. मला ते अर्धंच पटतं. खाणमजूर या कागदांचा गिऱ्हाईक होता. त्याच्यावर गिल हसतो तेव्हा त्याच्याच शेजारी उभा राहून हसतो. हे जोडपं गिऱ्हाईक नव्हतं.

(दृश्य : ‘द अव्हेंजर्स’, रंगीत शिळाछाप.)

पण हाच गिल 1865 च्या ‘ऑस्ट्रेलियन स्केचबुक’मध्ये हेही छापतो. बंदुका घेतलेले गोरे आदिवासींच्या तळाकडे दबकत निघालेत. अशी प्रसंगचित्रं त्या काळी विकायला ठेवणं सोपं नव्हतं. त्यानं ठेवलं.

(दृश्य : ग्रंथालयातली जलरंगांची मालिका.)

1869 मध्ये मेलबर्नच्या सार्वजनिक ग्रंथालयानं त्याला चाळीस जलरंगांचं काम दिलं, विषय सोन्याच्या खाणींचे जुने दिवस. आठवणीतून, जुन्या रेखाटनांवरून त्यानं ती पुरी केली. आज ती तिथंच आहेत, नाव बदललेल्या स्टेट लायब्ररीत. पण तोवर लोक कॅमेऱ्यासमोर बसू लागले होते आणि गिल दारूत बुडाला होता. 1880 च्या ऑक्टोबरात मेलबर्नच्या जनरल पोस्ट ऑफिसच्या पायऱ्यांवर तो कोसळला. बेवारशांच्या जागेत पुरला गेला.

(दृश्य : शाईनं काढलेल्या आकृत्या, वहीची पानं.)

ही चित्रं गिलची नाहीत. टॉमी मॅक्रे या आदिवासी चित्रकाराची, क्वाटक्वाट जमातीचा, मरी नदीकाठचा. त्याला दगड नव्हता, छापखाना नव्हता. टाक, शाई आणि वही. शिकार, नाच, लढाया. माणसं काळ्या शाईनं भरलेली, तरी प्रत्येकाची उभं राहायची ढब निराळी. या पानावर उंच टोप्यांचे गोरे वसाहतदार आहेत. तेही शाईनंच भरलेले. गोरे लोक त्याच्या वह्या हौसेनं विकत घ्यायचे. 1890 च्या दशकात सरकारी मंडळानं त्याची मुलं त्याच्यापासून काढून नेली. 1901 मध्ये तो वारला. वह्यांच्या विक्रीतून त्यानं एक घोडा आणि बग्गी घेतली होती.