खारे पाणी, गोडे पाणी आणि अडलेली गाडी

मित्रहो,

येथे जमलेल्यांपैकी बरेच जण पाऊस उघडला की सड्यांवरून, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळांवरून, खाडीकाठच्या कच्च्या वाटांवरून गाडी घेऊन हिंडणारे आहेत, म्हणून मुख्य म्हणणे आधीच मांडतो. घाटमाथ्यापलीकडे, देशावर, आडवाटेला गाडी बंद पडते ती बहुधा दगड, धूळ आणि उन्हाचा ताव यांमुळे. कोकणात ही कारणे आहेतच. परंतु इथल्या बिघाडाचा माग काढत गेले, की बहुतेक वेळा आपण पाण्यापाशी येऊन थांबतो. ते पाणी कधी खाऱ्या वाऱ्यातले असते, कधी भरतीचे, कधी व्हाळाचे, म्हणजे ओढ्याचे. म्हणून या किनाऱ्यावर गाडीची तयारी करायची म्हणजे आधी पाण्याचा विचार करायचा, असे माझे मत आहे.

सुरुवात अंगणातूनच होते. समुद्राजवळ उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवा थर चढतो आणि बॅटरी चांगली असूनही एखाद्या सकाळी सड्यावर स्टार्टर नुसता कटकट आवाज करतो. तो थर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावा, टोके कोरडी करून पान्याने घट्ट आवळावीत आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरवावा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते व तसतसा त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. मग आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरताना सतत दाबलेला ब्रेक तापला, की त्या ऑइलमध्ये वाफ धरते आणि पायाखालचे पेडल पोकळ लागते. म्हणून ते दर २ वर्षांनी बदलावे, आणि उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनलाच तिचा वेग आवरू द्यावा. पावसाळाभर पडवीत उभ्या राहिलेल्या गाडीचे बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का, हेही पाहून घ्यावे.

टायरविषयी एकच गोष्ट सांगतो. जांभ्याच्या सड्यावर फुटलेल्या चिऱ्यांच्या कडा धारदार असतात आणि त्या टायरच्या बाजूची भिंत कापतात. रस्त्याला टेकणाऱ्या भागातले भोक ट्यूबलेसच्या पट्टीने जागेवर बुजवता येते, बाजूची चीर मात्र येत नाही. तेथे स्टेपनीच उपयोगी पडते, आणि तिच्यात हवा आहे का हे निघण्यापूर्वी पाहणारे फार थोडे असतात.

आता पुळणीकडे, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याकडे येतो. आपल्याकडे अनेक किनाऱ्यांवर वाहन नेण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. वेळास, आंजर्ले यांसारख्या ठिकाणी ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत अंडी घालतात. गाडी त्या वाळूवरून गेली तर घरटे चिरडते आणि चाकांच्या खोल चाकोऱ्यांत समुद्राकडे निघालेली पिल्ले अडकून पडतात. म्हणून हौसेखातर गाडी पुळणीवर घालू नये, असे मी आग्रहाने सांगतो. तथापि होड्यांचे सामान उतरवायला किंवा किनाऱ्यालगतच्या वाटेवरून जाताना चाक वाळूत जाणारच, तेव्हा पुढचे माहीत असावे.

काही वर्षांपूर्वी दापोलीच्या बाजूला अशाच एका वाटेवरून आमची गाडी वळण चुकून वाळूत उतरली आणि पुढचे चाक रुतले. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहिलो, चाक जागच्या जागी फिरत राहिले आणि पाचेक मिनिटांत गाडीचे पोट वाळूला टेकले. तेथे जाळे विणत बसलेले एक वयस्कर खलाशी उठून आले आणि म्हणाले, “भाऊ, चाक फिरवू नका, आधी हवा सोडा. आज अमावास्या आहे, उधाणाचं पाणी इथवर येतं.” त्या दोन वाक्यांत आजचे निम्मे व्याख्यान आहे. एरवी ३० ते ३२ पीएसआय असणारी हवा १८ च्या आसपास आणली, की टायर वाळूवर लांबट पसरतो आणि वजन अधिक जागेवर वाटले जाते. आम्ही चारही चाकांची हवा उतरवली, पोटाखालची वाळू फावड्याने काढली, चाकांपुढे नारळाच्या झावळ्या व सोडणे (नारळाची सुकी साले) दाबून बसवली, स्टिअरिंग सरळ ठेवले आणि दुसऱ्या गिअरमध्ये हलक्या पायाने गाडी बाहेर आली. डांबरी रस्ता लागताच पुन्हा हवा भरली, कारण कमी हवेच्या टायरवर वेगाने गेल्यास तो तापून फुटू शकतो. जॅक वाळूत किंवा चिखलात स्वतःच खाली जातो, म्हणून त्याच्याखाली घालायला रुंद, जाड फळी गाडीत असावी.

उधाण आणि भांग हे शब्द किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराला ठाऊक आहेत. गाडी चालवणाऱ्यालाही ते ठाऊक हवेत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती सर्वांत वर चढते, अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी कमी चढते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला ३, अष्टमीला ६, द्वादशीला ९. पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते. हा हिशेब ढोबळ असल्यामुळे त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे कोष्टकही पाहावे. सपाट पुळणीवर पाणी थोडेसे चढले तरी ते आत खूप लांबवर धावते.

व्हाळ ओलांडण्याबाबत माझे मत कडक आहे. जे पाणी काठी घेऊन चालत ओलांडण्याची तयारी नाही, त्यात गाडी घालू नये. आणि पावसाळ्यात गढूळ, धावते पाणी दिसले तर माघारी फिरावे, कारण ते गाडीला बाजूने ढकलते आणि खालचा रस्ता वाहून गेला आहे की नाही हे वरून कळत नाही. पाणी हवेच्या नळीतून इंजिनात गेले, तर हवेसारखे ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो. म्हणून पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा चावी फिरवू नये. ही एक सवय लावून घेतली, तर हजारांत भागणारी दुरुस्ती लाखावर जात नाही. गाडी टोचन करून बाहेर काढावी आणि गॅरेजमध्ये उघडूनच पाहावी.

इंजिन तापले तर सावलीत थांबावे, रेडिएटरचे झाकण गरम असताना मुळीच उघडू नये. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्याही वर गेलेले असते आणि झाकण सैल होताच ते उसळून अंगावर येते.

दोराने गाडी ओढताना माणसे जिवाला मुकली आहेत, म्हणून हे नीट ऐका. दोर गाडीच्या मूळ हुकलाच लावावा, बंपरला किंवा मागच्या टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) नाही. मधोमध जाड गोधडी किंवा ओले पोते टाकावे, म्हणजे दोर तुटला तर त्याचा फटका लांब जात नाही. बाकीच्या सर्वांनी दोराच्या लांबीहून अधिक अंतरावर, बाजूला उभे राहावे. लहान मुलांना तर तेथून दूरच न्यावे. सड्यावर मोबाइलला रेंज नसते, तेव्हा परतायची वेळ निघण्यापूर्वी घरी आणि जवळच्या वाडीत सांगून ठेवावी. रेंज मिळताच ११२ वर मदत मागता येते.

परतल्यावर गाडी पोटाखालून गोड्या पाण्याने धुवावी, विशेषतः चाकांच्या आतली बाजू व ब्रेक. दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलचे (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाचे) ऑइल पाहावे. ते दुधाळ झाले असेल तर आत पाणी शिरले आहे, आणि पुढच्या फेरीआधी ते बदललेच पाहिजे.