थट्टा करणाऱ्याला नेमकं काय दिसलं?

जय ख्रिस्त मंडळी.

आधी हे चित्र बघा.

[पडद्यावर: भिंतीवरच्या चित्राचं रेखाटन]

रेघा वेड्यावाकड्या आहेत, पण काय काढलंय ते कळतं. क्रूसावर एक माणूस, पाठमोरा. त्याचं डोकं मात्र गाढवाचं. डावीकडे एक तरुण उभा आहे, एक हात वर करून त्याच्याकडे बघतोय. आणि खाली ग्रीक अक्षरांत खरडलंय: अलेक्सामेनॉस देवाची पूजा करतोय.

रोममध्ये पॅलॅटाइन टेकडीवर सम्राटांचे वाडे होते. तिथल्या एका इमारतीच्या गिलाव्यावर कोरलेलं हे चित्र १८५७ साली सापडलं. इसवी सन २०० च्या आसपासचं ते मानतात. सम्राटाच्या पदरी असलेल्या गुलाम पोरांना तिथे शिक्षण मिळायचं, असं बरेच अभ्यासक समजतात. म्हणजे सगळं वातावरण हॉस्टेलचं! त्यात एक पोरगा ख्रिस्ती निघाला, बाकीच्यांना ते कळलं, आणि कुणीतरी भिंतीवर त्याची टर उडवली. क्रूसावरच्या ख्रिस्ताची जगात जी अगदी जुनी चित्रं उरली आहेत, त्यांत हे एक. आणि ते कुणा भक्तानं काढलेलं नाही, एका टवाळानं काढलंय.

आपली कुणी थट्टा केली की आपण बहुधा दोनांपैकी एक करतो. मान खाली घालून विषय बदलतो, नाहीतर भांडायला उठतो. तो नेमका कशाला हसला हे ऐकून घेणं दोन्हीकडे राहूनच जातं. आजचा व्हिडिओ त्या ऐकण्याबद्दल आहे.

तुम्ही म्हणाल, थट्टाच ती, एवढं काय मनावर घ्यायचं? येशूच्या शिष्याला, पेत्राला विचारा. गेथशेमाने बागेत येशूला धरायला शिपाई आले तेव्हा याच पेत्रानं तलवार उपसली होती, महायाजकाच्या दासाचा कान कापला होता. समोर हत्यारबंद जमाव असताना हा गडी घाबरला नाही. आणि त्याच रात्री, महायाजकाच्या अंगणात, विस्तवाशी शेकत असताना एका दासीनं नुसतं विचारलं, तूही त्याच्यातलाच ना? संपलं. ‘मी नव्हे.’ तीनदा. तिच्या हातात ना तलवार होती ना सत्ता. होते ते फक्त आजूबाजूच्या लोकांचे वळलेले डोळे.

मोठ्या छळासाठी माणूस मनाची तयारी करून ठेवतो. चहाच्या टपरीवर कुणीतरी ‘आले बघा हालेलुयावाले’ म्हणतं, तेव्हा मात्र ती तयारी कामाला येत नाही. मुंबईत कुणाला ‘माकापाव’ ऐकावं लागतं, गावाकडे कुणाला ‘बाटगे’. हे ऐकून कुणी तुरुंगात जात नाही. पण पुढच्या वेळी डबा उघडताना डोळे मिटून प्रार्थना करायची की नाही, याचा मनात हिशोब सुरू होतो. गडबड तिथे होते.

आता परत चित्राकडे. हसणाऱ्याला काय दिसलं?

गाढवाचं डोकं ही उघड थाप. ज्यू लोक गाढवाचं मस्तक पूजतात अशी कंडी त्या काळी पिकलेली होती, ती पुढे ख्रिस्ती लोकांच्या नावावर चिकटली. पण बाकीचं? हे लोक क्रूसावर मारलेल्या माणसाला देव मानतात, हे तर शंभर टक्के बरोबर! क्रूसावरचं मरण रोममध्ये प्रामुख्यानं गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी राखलेलं होतं. त्या इमारतीतल्या गुलाम पोरांना ते ऐकूनच घाम फुटत असेल. आणि त्यांच्यातलाच एक जण म्हणतोय, माझा देव ते मरण मेला. हसू येणारच. प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला हेच तर लिहिलं होतं की वधस्तंभाचा संदेश जगाला मूर्खपणा वाटतो. टवाळ पोरानं पौलाचं पत्र वाचलेलं नव्हतं, पण मुद्दा त्याला अचूक समजला होता. काही रविवारच्या संदेशांपेक्षाही अचूक, असं मी म्हणेन. पाळकसाहेब, रागावू नका.

शेजारच्या खोलीत आणखी एक ओळ सापडली. लॅटिन अक्षरांत: अलेक्सामेनॉस फिदेलिस. अलेक्सामेनॉस विश्वासू आहे. त्यानं स्वतः लिहिली, की मित्रानं, की तीही चेष्टाच होती, यावर वाद घालायला भरपूर जागा आहे. एवढं खरं, की पोरगा लपलेला नव्हता. सगळ्यांना माहीत होता.

याच सुमाराला समुद्रापलीकडे, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात एक माणूस असंच एक चित्र घेऊन फिरत होता. गाढवाचे कान, एका पायाला खूर, अंगावर टोगा म्हणजे रोमी झगा, हातात पुस्तक. खाली लिहिलेलं, हा ख्रिस्ती लोकांचा देव. तर्तुलियन नावाचा ख्रिस्ती लेखक तिथेच राहायचा. मोठा तापट, जिभेला धार असलेला माणूस. त्यानं काय केलं? तो लिहितो, आम्ही हसलो, त्या नावालाही आणि त्या रूपालाही. थाप होती, तिला हसून वाट करून दिली. मग मात्र त्यानं कंडी कुठून आली याचा माग काढला. इतिहासकार तॅसिटसनं गाढवाची गोष्ट लिहिली होती. तर्तुलियन दाखवून देतो की हाच तॅसिटस दुसरीकडे लिहितो, रोमी सेनापती पाँपे यरुशलेमच्या मंदिरात शिरला तेव्हा आत कसलीही मूर्ती नव्हती. मग गाढव गेलं कुठे? एवढंच.

[कॅमेरा जवळ]

आता जो माणूस मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो त्याच्याकडे येऊ. ल्युशियन. दुसऱ्या शतकातला ग्रीक विनोदी लेखक, युफ्रेटिस नदीकाठच्या सामोसाटाचा. त्यानं पेरेग्रिनस नावाच्या एका भोंदूवर लिहिलंय. हा पेरेग्रिनस काही काळ ख्रिस्ती लोकांत शिरला, मोठा गुरू झाला, आणि मग तुरुंगात गेला. ल्युशियन सांगतो, पहाटेपासून म्हाताऱ्या बायका, विधवा आणि अनाथ मुलं तुरुंगाच्या दाराशी बसलेली. मंडळीतले पुढारी पहारेकऱ्यांना पैसे चारून रात्री आत त्याच्यासोबत झोपायला जायचे. नाना प्रकारचं जेवण आत जायचं. आशियाच्या शहरांतून ख्रिस्ती लोकांनी सामाईक पैशातून माणसं पाठवली. आणि ल्युशियन खो खो हसतो. म्हणतो, यांच्या त्या क्रूसावर चढवलेल्या गुरूनं यांना पटवलंय की तुम्ही सगळे भाऊ आहात, म्हणून हे वेडे आपलं सगळं सामाईक समजतात. कुणीही हुशार लुच्चा यांच्यात आला तर बघता बघता श्रीमंत होईल.

ऐकलंत? यात दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही खऱ्या वाटतात. एक, हे लोक तुरुंगातल्या भावाला एकटं सोडत नव्हते. आपली स्तुती आपण केली असती तर कुणी विश्वास ठेवला नसता. हे तर हसणारा सांगतोय. दोन, यांना कुणीही टोपी घालू शकत होतं. दुसऱ्या शतकातली ही तक्रार मला तरी जुनी वाटत नाही. रोगमुक्तीची जाहिरात करून पाकिटं गोळा करणारे आजही आहेत, आणि त्यांच्या दाराशीही विधवाच बसलेल्या असतात.

म्हणून कुणी हसलं की लगेच ‘माझा ख्रिस्तासाठी छळ होतोय’ म्हणायची घाई नको. पेत्र आपल्या पहिल्या पत्रात सांगतो, ख्रिस्ती म्हणून सोसावं लागलं तर लाज मानू नका. पण त्याच्या आधीच्याच वचनात त्यानं बजावलंय की चोर म्हणून किंवा दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणारा म्हणून सोसायची पाळी येऊ देऊ नका. लोक मंडळीच्या जमिनीवरून चाललेल्या कोर्टकज्ज्यांना हसत असतील, उपासनेनंतर दारातच होणाऱ्या भांडणांना हसत असतील, तर तो छळ नाही. तो आरसा आहे. रात्री दोन वाजेपर्यंत भोंगा लावला आणि शेजारी वैतागून काही बोलला, तर तोही छळ नाही, हं.

आपल्या मराठी मुलखातलं उदाहरण घ्यायचं तर पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्यात नेलं. विधवा असलेल्या या विदुषीला ‘रेव्हरंडा’ म्हणून हिणवलं गेलं. यातली घाण समजावून सांगायला नको. १८९३ मध्ये वादळ उठलं: सदनातल्या मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात! रानडे, भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. आता इथे प्रामाणिक राहू या. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असा शब्द होता, आणि मुली प्रार्थनेला येऊन बसत होत्या हेही खरं होतं. त्यामुळे टीका करणारे सगळेच टवाळ नव्हते. बाईंनी काही लपवलं नाही. कुणावर सक्ती करणार नाही, पण माझ्या प्रार्थनेच्या खोलीचं दार कुणाला बंदही करणार नाही, ही त्यांची भूमिका. शिवीला त्यांनी शिवीनं उत्तर दिलं नाही. दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली घेऊन आल्या, केडगावला मुक्ती सदन उभं केलं.

आणि गंमत म्हणजे त्यांना दटावणारे चर्चमध्येही होते. इंग्लंडमधल्या सिस्टरांना वाटे, ही बाई शिकवण निमूट का स्वीकारत नाही, शाकाहारच का धरून बसते. बाईंचं म्हणणं साधं होतं: एका पुरोहितशाहीचं जू मोठ्या कष्टानं झुगारलंय, दुसऱ्या तसल्याच जुवाखाली मान देणार नाही. मला त्यांचा ठामपणा इथे जास्त दिसतो. बाहेरच्यांपुढे ताठ उभं राहणं त्या मानानं सोपं, तिथे निदान आपली माणसं पाठीशी असतात.

मग उद्या सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर कुणी ख्रिस्तावर विनोद टाकला तर? तो चांगला असेल तर हसा, काही बिघडत नाही. थाप असेल तर एका ओळीत खरं काय ते लिहा आणि सोडून द्या. सतरा वचनं चिकटवू नका, कुणी वाचत नाही. अथेन्सला पौल पुनरुत्थानाबद्दल बोलला तेव्हा काही जण हसले, काही म्हणाले पुन्हा ऐकू, आणि थोड्यांनी विश्वास ठेवला. हसणाऱ्यांच्या मागे लागून पौल तिथे थांबला नाही. आणि पोराला कॉलेजात कुणी रोज एकटं गाठून छळत असेल, तर त्याला अलेक्सामेनॉसची गोष्ट सांगून गप्प बसवू नका. प्राचार्यांकडे जा, तक्रार करा. पौलानंही गरज पडली तेव्हा आपलं रोमी नागरिकत्व वापरलं होतं.

कधी कधी मात्र थट्टेच्या आत खरा प्रश्न असतो, आणि त्याला अभ्यास लागतो. सेल्सस नावाच्या विद्वानानं दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लोकांवर अख्खा ग्रंथ लिहिला. लोकर विंचरणारे, चांभार, धोबी असल्यांचा हा धर्म, म्हणून हसला. ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानानं सुमारे सत्तर वर्षांनी त्याला आठ भागांत उत्तर दिलं. उत्तर देताना त्याचे शब्द इतके जसेच्या तसे उतरवले की सेल्ससचा मूळ ग्रंथ हरवला तरी आज आपण तो बराचसा वाचू शकतो, ओरिगेनमुळे!

त्यातला एक प्रश्न असा: देव जर सगळ्या जगाला वाचवणार होता, तर इतका काळ झोपला होता का, आणि जागा झाल्यावर पृथ्वीच्या एकाच कोपऱ्यात का आला? ओरिगेनचं उत्तर पुढच्या भागात. तोवर तुम्ही काय उत्तर द्याल ते खाली लिहा. वचन नुसतं चिकटवायचं नाही, स्वतःच्या शब्दांत.