पळस, रॉ फाइल आणि मागची चिमणी

[दृश्य: काटोल रोड, सकाळ. फुलांनी लगडलेला पळस.]

मार्च लागला की नागपूरबाहेर जाणाऱ्या कुठल्याही रस्त्याला पळस भेटतो. काटोल रोड घ्या, नाही तर उमरेड रोड. झाडावर पान म्हणून नाही आणि फांदी फुलांनी वाकलेली. भांगपाडी मैना मधासाठी चोच खुपसते, वर काढते तेव्हा कपाळाला पराग चिकटलेले असतात. मग शिंजीर येतो. मग पोपटांचा थवा, आणि त्यांचा खाक्याच वेगळा. फूलच कुरतडायचं आणि खाली टाकून द्यायचं.

[दृश्य: कॅमेऱ्याची मागची स्क्रीन, अगदी जवळून.]

आता हाच पळस कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघा. एक पाकळी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, काही कळत नाही. केशरी रंगाचा नुसता गोळा. पाकळीवरची बारीक लव गेली, शिरा गेल्या, कडेची सावली गेली. कॅमेऱ्याचं म्हणणं मात्र असं की फोटो व्यवस्थित आलाय. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत अंधार किती आणि उजेड किती ते दाखवणारा आलेख, मधोमध, कुठे तक्रार नाही.

गोम अशी की हा एकरंगी हिस्टोग्राम उजेड मोजताना हिरव्याला सगळ्यात जास्त वजन देतो, कारण आपला डोळाही तसाच आहे. सेन्सरवरही, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपवरही, हिरव्याचंच राज्य. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांना 1976 साली ज्या मांडणीचं पेटंट मिळालं, तीच आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. निम्म्या बिंदूंवर हिरवा फिल्टर, पाव बिंदूंवर लाल, उरलेल्या पावावर निळा. पळसाच्या फुलात निळा जवळजवळ नसतोच, हिरवा बेताचा आणि लाल ठासून भरलेला. त्यामुळे हिरवा अजून अर्ध्यावर असतो तोवर लाल काठोकाठ भरून सांडायला लागतो. जे सांडलं ते फाइलमध्ये नोंदलंच जात नाही. नंतर कुठलंही सॉफ्टवेअर ते परत आणत नाही, जाहिरातीत काहीही सांगोत.

म्हणून पळसाचं एडिटिंग झाडाखालीच सुरू होतं. लाल, हिरवा, निळा असे तिन्ही हिस्टोग्राम वेगवेगळे दाखवायचं सेटिंग कॅमेऱ्यात असतं, ते चालू करायचं. लाल रेघ उजव्या भिंतीला टेकली की एक्स्पोजर खाली. अर्धा स्टॉप, कधी पुरता एक स्टॉप, म्हणजे उजेड निम्मा. फोटो काळवंडलेला दिसतो. दिसू द्या.

कारण ही फाइल रॉ आहे, म्हणजे सेन्सरने टिपलेलं सगळं जसंच्या तसं ठेवणारी. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या आटोपशीर फोटो फाइलमध्ये, प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. काळोखातला तपशील रॉमधून वर उचलता येतो. जेपेगमध्ये तोच प्रयोग केला की आकाशात पट्टे उमटतात.

[दृश्य: प्रतापनगरमधली खोली, संध्याकाळ. कूलर, लॅपटॉप, माऊसवरचा हात.]

हे फोटो काढणाऱ्या दादांची एकच अट होती, चेहरा दाखवायचा नाही. हात दाखवा, स्क्रीन दाखवा. फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर आहे डार्कटेबल, फुकट मिळणारं.

पहिला स्लायडर व्हाइट बॅलन्सचा, फोटो थंड की उबदार ते ठरवणारा. कॅमेऱ्याने आपल्या मनाने सकाळ थंड करून टाकली होती, दादा ती 5500 केल्व्हिनच्या आसपास आणतात. इथे नवखा माणूस हमखास फसतो. फोटो आणखी उबदार करायचा म्हणजे लाल आणखी वाढवायचा. झाडाखाली जपून ठेवलेला लाल इथे, खुर्चीत बसल्या बसल्या, पुन्हा सांडतो.

आता स्क्रीनकडे नीट बघा. दादा पळसाचा केशरी रंग कमी करताहेत. हो, कमी. सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, खाली येतं आणि पाकळीवर एक शीर उगवते, मग दुसरी. फुलाच्या बुडाशी असलेला काळपट मखमली भाग वेगळा दिसू लागतो. वेबवर आणि साध्या पडद्यांवर चालणारी एसआरजीबी ही रंगांची चौकट तशी तोकडी आहे. तिच्याबाहेरचा केशरी तिच्या काठावर नेऊन चिकटवला जातो आणि दहा वेगळ्या छटांची एकच छटा होते. रंग थोडा आत ओढला की त्या पुन्हा सुट्या होतात. पळस खुलवायचा तर आधी त्याला जरा विझवावं लागतं.

[दृश्य: फोनवर आलेला फॉरवर्ड, भडक पळस.]

आणि हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा पळस. ह्यावर कुणीतरी 'एन्हान्स' दाबलंय. फुलं पेटलीत ते ठीक, पण मैनेची बदामी छातीसुद्धा केशरी झाली. "आकाशही जळून राहिलं ना भाऊ," दादा एवढंच म्हणतात.

शार्पनिंग, म्हणजे कडा धारदार करणं, ते शेवटी करतात. शंभर टक्के झूमवर, बाकीचा फोटो मास्कने झाकून, फक्त डोळा आणि पिसं. मागच्या मोकळ्या आकाशाला शार्पनिंग लागलं की नॉइजचे, म्हणजे फोटोतल्या खरखरीचे, दाणेच टोकदार होतात. सकाळी अकरानंतर काढलेल्या फोटोंना तर ते हातच लावत नाहीत. नागपूरच्या उन्हात जमिनीवरून झळा उठायला लागल्या की लांब लेन्समधून पक्षी पाण्यातून बघितल्यासारखा थरथरतो. तो धूसरपणा हवेतला आहे, फोकसचा नाही. शार्पनिंग त्याला पुरं पडत नाही.

[दृश्य: नागपूरजवळचं कोराडी. पळस, मागे औष्णिक वीज केंद्राची चिमणी.]

ह्या फ्रेममध्ये सगळं जमून आलंय. उजेड, फांदी, मैनेची मान वळलेली. आणि मागे चिमणी. आसपासचा तुकडा वर चिकटवणारं क्लोनचं टूल घेतलं तर दोन मिनिटांचं काम, आणि आता एआय आल्यापासून तेवढाही वेळ लागत नाही. नॅशनल जिओग्राफिकने फेब्रुवारी 1982 च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले होते, कारण उभ्या पानात आडवा फोटो बसत नव्हता. आज तीच सोय प्रत्येकाच्या खिशात आहे.

दादा चिमणी ठेवतात. आम्हालाही तेच पटतं. सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका पुसणं वेगळं आणि झाडाच्या मागे उभी असलेली गोष्ट पुसणं वेगळं. शिवाय इथे एक जास्त चोरटा स्लायडर आहे, 'हेझ रिमूव्हल', धुरकटपणा हटवणारा. तो उजवीकडे नेला की आकाश निळं होतं आणि हवा धुतल्यासारखी दिसते. पेंचच्या जंगलातल्या धुक्यात दादा तो बिनधास्त वापरतात. कोराडीच्या फोटोत तो शून्यावर आहे.

कोळसा, राख, आसपासची गावं, हा मोठा विषय आहे आणि त्याचं चित्रण आमच्याकडे नाही.

[दृश्य: एक्स्पोर्टची खिडकी.]

लांब बाजू 2048 पिक्सेल, एसआरजीबी. फोटोखाली ओळ: भांगपाडी मैना, पळसावर, कोराडी, मागे वीज केंद्र. मूळ रॉ फाइल वेगळ्या हार्ड डिस्कवर जाते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची वन्यजीव छायाचित्र स्पर्धा पुढच्या फेरीत पोचलेल्यांकडून मूळ फाइल मागून घेते आणि फोटोतली वस्तू काढलेली किंवा घातलेली तिथे चालत नाही. दादांनी अजून तिथे फोटो पाठवलेला नाही.