निळीचे डाग पडलेला कागद

(दारव्हा तालुक्यातल्या एका गावी महिला मंडळापुढे केलेलं भाषण, थोडी काटछाट करून.)

पत्रिकेत माझा विषय 'भरतकामाचे जुने छापे कसे ओळखावे नि कसे जपावे' असा दिलाय. तिकडे येतेच. आधी सांगा, उशीच्या अभ्र्यावर मोर कोणी कोणी काढलाय? हात वर करा. बघा, खुर्च्यांवरच्या सगळ्या. सतरंजीवरच्या पोरींपैकी एकही नाही.

मी छापे जमवते हे कळल्यापासून लोक मला इस्त्रीचे कोरे छापे आणून देतात. कागद कापडावर पालथा घालायचा, वरून गरम इस्त्री दाबायची, की शाई खाली उतरते. मँचेस्टरच्या ब्रिग्ज कंपनीने १८७०च्या दशकात हे काढलं. आपला हिंगणघाटचा कापूस त्याआधीच तिकडे जात होता. म्हणजे सूत आपलं नि नक्षी त्यांची! असो. ही शाई एकदोनदा उतरली की संपते. मग पन्नास वर्षं कोरा राहिलेला छापा म्हणजे काय? कोणालाच न आवडलेला. त्याचं कौतुक मी का करू?

आवडलेली नक्षी आपल्या बाया इस्त्रीखाली घालतच नव्हत्या. ट्रेसिंग पेपरवर उतरवायची, खाली गोधडीची घडी ठेवून रेघेरेघेवर सुईने टोचायचं. मग रॉकेलमध्ये नीळ कालवून बोळ्याने कागदावरून फिरवायची. रॉकेल उडून जातं, निळे ठिपके राहतात. गडद कापडाला निळीऐवजी सफेदा. तो टोचलेला कागद आळीभर फिरायचा.

माझ्या आत्याने असाच रुखवतासाठी इंग्रजी 'गुड नाईट'चा छापा उतरवला. आता इस्त्रीच्या छाप्यावर अक्षरं मुद्दाम उलटी असतात, कापडावर पडताना सुलटी व्हावी म्हणून. आत्या मराठी चौथी पास. तिने उलटंच टोचलं, उलटंच छापलं, वर साखळी टाक्याने दोन अभ्रे भरले, कडेला गाठीच्या टाक्याची फुलं. कागद नुसता पालटला असता तरी भागलं असतं! आणि मजा बघा, नऊ अक्षरांतली ओ, ओ, आय, एच, टी ही पाच आरशातही तशीच दिसतात. फसले ते दोन जी, डी नि एन. म्हणून घरात कोणाला शंकाच आली नाही. रुखवत मांडलं. नवरदेवाच्या मामांनी अभ्रा उचलला, दूर धरला, जवळ धरला नि म्हणाले, "उर्दूत लिवलं काय वं हे?" मांडवात हशा. आत्या रडवेली. तेवढ्यात तिची सासू उठली, अभ्रा कपाटाच्या आरशासमोर धरला नि म्हणाली, "माह्या सुनेनं आरशात पायन्यासाठी केलं, तुमाले काय समजते!" तिला स्वतःला ना इंग्रजी येत होतं ना मराठी वाचता. तो टोचलेला कागद माझ्याकडे आहे. डी अक्षराच्या पोटात निळीचा एवढा मोठा डाग... तुमच्यापैकी कोणाच्या सासूने...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. साडेपाचची एसटी आहे, कबूल.

तर ओळखायचं कसं. कागद उजेडासमोर धरा. भोकं बारीक, एकसारखी असतील तर फारसा वापरलेला नाही. फाटून मोठी झालीत, निळीने बुजलीत, तर तो लाडका. दोन्ही बाजूंना नीळ असेल तर पालटून जोडीचा मोर छापलाय. जपायचं कसं. घडी घालू नका, घडीवरच तुटतो. सपाट ठेवा, मध्ये साधा पांढरा कागद. चिकटपट्टी अजिबात नको, पिवळी पडून कागद खाते. इस्त्रीच्या छाप्याला लॅमिनेशन तर नकोच. माझ्या भाच्याने प्रेमाने करून आणलं, मशीनच्या गरमीने शाई प्लॅस्टिकवर चढली. मोबाइलवर फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून, म्हणजे माप कळतं. नि कागद कोणाचा, कोणत्या गावचा, हे पाकिटावर पेन्सिलने. कागदावर नव्हे.

टाक्यांचं राहिलंच. ज्यांच्या पेटीत असे कागद आहेत त्यांनी दाराशी थांबा, उंदराने कुरतडलेले असले तरी चालतील. एसटीवाल्या बाया आधी निघा.