खर्च त्यांचा, निर्णयही त्यांचा

(दृश्य: टेबलावर तीन महिन्यांच्या पावत्या पसरल्या आहेत. एक हात त्यांचे ढीग लावतो आहे.)

निवेदन:
वयात येणाऱ्या मुलामुलींना महिन्याला किती पैसे द्यावेत, हे पालक हमखास विचारतात. पण त्याआधी एक गोष्ट ठरायला हवी. त्या पैशांतून मुलांनी कोणकोणते खर्च भागवायचे? हे ठरलं नसेल, तर दिलेली रक्कम उडवण्यासाठीच आहे असं मूल धरून चालतं. ती उडते, आणि गरजेच्या वस्तूसाठी पुन्हा आईवडिलांकडे मागणं सुरू होतं.

म्हणून सुरुवात पावत्यांपासून. मागच्या तीन महिन्यांत या एका मुलावर किंवा मुलीवर घरातून काय काय खर्च झालं, ते लिहून काढा. कपडे, बूट, वह्या-पेनं, प्रवास, मोबाइलचा रिचार्ज, केस कापणं, मित्रमैत्रिणींच्या वाढदिवसाच्या भेटी, सिनेमा, बाहेरचं खाणं. बेरीज पाहून बरेच पालक चमकतात. पैसे तर आधीपासूनच जात होते. आता त्यातले काही मुलांच्या हातून जातील.

कोणते खर्च सोपवायचे, याची कसोटी सोपी आहे. पैसे आधीच संपले आणि ती गोष्ट महिनाभर मिळाली नाही, तर तुम्हाला ते बघवेल का? औषधं, शाळेची फी, शाळेचा प्रवास यांच्याबाबतीत बघवणार नाही. ते खर्च तुमच्याकडेच ठेवा. सिनेमा, भेटवस्तू, हौसेचे कपडे, गेम हे खुशाल सोपवा. ज्या खर्चात पालक हमखास मध्ये पडणार, तो सोपवल्याचं नाटक करू नये. मुलं ते लगेच ओळखतात.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर. एका तारखेभोवती पेनानं वर्तुळ.)

निवेदन:
अकरा-बारा वर्षांच्या मुलाला आठवड्याचे पैसे द्यावेत आणि एकदोनच खर्च सोपवावेत. चौदाच्या आसपास महिन्याची रक्कम आणि चारपाच खर्च. सोळाव्या वर्षी कपड्यांचे पैसे तीन महिन्यांचे एकदम द्यायला हरकत नाही. वयाचे हे आकडे काही दगडावरची रेघ नाहीत. महिन्याचे पैसे दर वेळी दहा तारखेलाच संपत असतील, तर रक्कम वाढवण्याची घाई नको. तीच रक्कम दोन हप्त्यांत द्या आणि दोनतीन महिन्यांनी पुन्हा एकदम देऊन बघा. मुलाला किती दिवस पुढचं दिसतं, हे इथे कळतं.

ठरलेली तारीख मात्र पालकांनी पाळायची, आणि तीही मुलानं आठवण न करता. पैसे कधी येतील याचा भरवसा नसेल, तर पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवण्यात मुलाला काहीच अर्थ दिसत नाही. हातात आले की खर्च करून मोकळं व्हायचं, हेच मग शहाणपणाचं ठरतं.

वर्षातून एकदोनदाच येणारे खर्च सगळ्यात जास्त घोळ घालतात. समजा वर्षाला बुटांचे दोन जोड लागतात. दोन्हींची किंमत मिळवा, तिला १२ने भागा आणि तेवढी रक्कम महिन्याच्या पैशांत घाला. पण ती बाकीच्या पैशांत मिसळली, की मुलाला ती मोकळीच वाटते आणि बूट फाटतात तेव्हा हातात काही नसतं. त्यासाठी वेगळं पाकीट किंवा वेगळं खातं हवं, आणि त्यावर ‘बूट’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं ‘बचत’ लिहिलेल्या पाकिटाला चटकन हात लागतो.

(दृश्य: वहीचं पान, अगदी जवळून. चार रकाने. पेन्सिलीनं लिहिलेले आकडे.)

निवेदन:
हे एका महिन्याचं पान. सुरुवातीची शिल्लक ४२०. जमा १,०००. एकूण १,४२०. लिहिलेला खर्च १,१३०. म्हणजे हातात २९० असायला हवेत. मोजले तर २१५ आहेत. ७५चा हिशेब लागत नाही.

इथे ‘कुठे गेले?’ अशी उलटतपासणी करायची नाही. पानाच्या तळाशी ‘हिशेब लागत नाही: ७५’ असं लिहायचं आणि पान उलटायचं. हा आकडा दर महिन्याला तसाच डोळ्यांसमोर राहिला, की खर्च झाल्याझाल्या लिहून ठेवण्याची सवय लागते. रात्री आठवून लिहायला बसलं, तर नेमके किरकोळ खर्च निसटतात.

तारीख, वस्तू, रक्कम, आणि चौथा रकाना सुरुवातीला रिकामा. दोन आठवड्यांनी तो भरायचा: ‘आज पुन्हा घेतलं असतं का?’ हो किंवा नाही. आमच्या मते या पानावरचा सगळ्यात कामाचा रकाना हाच. वस्तू घेताना मूल तिची बाजू मांडत असतं. दोन आठवड्यांनी बाजू मांडण्याची गरज उरलेली नसते, त्यामुळे उत्तर बरंचसं खरं येतं.

पालकांनी बेरीज बरोबर आहे का एवढं पाहावं. ओळ न् ओळ वाचून शेरे मारायला लागलात, की वहीत खोटं लिहिलं जाऊ लागतं. आणि खर्चाची आपोआप वर्गवारी करणारं ॲप पहिलं वर्षभर नको. सगळा हिशेब ॲपच करतं, आणि मूल फक्त रंगीत चित्र बघतं.

(दृश्य: अठरा तारीख. रिकामं पाकीट.)

निवेदन:
पैसे संपतात. पहिल्या दोनतीन महिन्यांत तर संपतातच. या वेळी पालक काय करतात, त्यावर पुढचं सगळं ठरतं. सोपवलेल्या खर्चासाठी गुपचूप पैसे दिले, की ठरवलेल्या रकमेला काही अर्थ राहत नाही. ‘मी सांगितलं होतं ना’ हे वाक्यही तितकंच निकामी, कारण त्यानंतर बोलणं पैशांवरून मानापमानावर जातं. ‘बरं, मग पुढचे बारा दिवस कसे काढायचं ठरवलं आहेस?’ एवढं विचारलं तरी पुरे.

उचल द्यायचीच असेल, तर नियम आधी लिहून ठेवा. महिन्याच्या रकमेच्या पावपटीपेक्षा जास्त नाही, तीन महिन्यांतून एकदाच, आणि पुढच्या महिन्यात पूर्ण कापली जाणार. आजीआजोबांनाही हे सांगून ठेवा. नाहीतर एका दारानं बंद झालेली उचल दुसऱ्या दारानं सुरू होते.

घरकामाचे आणि मार्कांचे पैसे या रकमेत मिसळू नयेत. भांडी घासायचे पैसे दिले, तर हातात पुरेसे पैसे असतील त्या दिवशी ‘आज नको’ हे उत्तर रास्तच ठरतं. एरवी बाहेरच्या माणसाला पैसे देऊन करून घेतलं असतं, असं जादा काम मात्र मुलाला जरूर द्यावं, आणि त्याचा मोबदला काम सुरू होण्याआधी ठरवावा.

(दृश्य: दुकानात सवलतीची पाटी. त्याखाली दोन पाकिटं शेजारीशेजारी.)

निवेदन:
‘५० टक्के सूट, वर आणखी २० टक्के.’ बहुतेकांच्या डोक्यात ७० येतात. शंभरचे आधी पन्नास झाले, मग त्या पन्नासवर वीस टक्के, म्हणजे दहा कमी. उरले चाळीस. सूट ६० टक्केच. मोठं पाकीट स्वस्त पडतं हेही दर वेळी खरं नसतं. दोन्हींचा १०० ग्रॅमचा भाव काढून बघायचा. आणि ‘महिन्याला फक्त इतके’ असं कुठे दिसलं, की हप्त्यांच्या संख्येनं गुणून त्यात प्रक्रिया शुल्क मिळवायचं.

मोठ्या खरेदीला थांबायचा नियम हवा. महिन्याच्या रकमेच्या पावपटीहून महाग वस्तू असेल, तर तारीख घालून यादीत लिहायची आणि सात दिवसांनी बघायची. त्यातल्या काही नावांवर मूल आपणहून काट मारतं. उरतात त्या खुशाल घेऊ द्याव्यात, तुम्हाला आवडल्या नाहीत तरी.

(दृश्य: मोबाइलचा पडदा. गेममधलं नाण्यांचं दुकान.)

निवेदन:
फोनवर पैसे जाताना दिसत नाहीत. गेममधली नाणी बघा. वस्तू ६०० नाण्यांची, पण नाणी मिळतात ५००च्या पॅकमध्ये. म्हणजे दोन पॅक घ्यावे लागतात आणि ४०० नाणी शिल्लक पडतात. ती वाया जाऊ नयेत म्हणून पुढची खरेदी होते. शिल्लक राहावी, अशाच बेतानं हे पॅक केलेले असतात. उपाय म्हणजे फोनमध्ये साठवलेला कार्डाचा तपशील काढून टाकणं आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सेटिंग ठेवणं. मोफत चाचणीवर घेतलेल्या सेवेची मुदत संपण्याच्या दोन दिवस आधीचा गजर त्याच दिवशी लावून ठेवायचा. आणखी एक गफलत होते. कार्डानं केलेला एखादा व्यवहार खात्यातून उशिरा वजा होतो. त्यामुळे दिसणारी शिल्लक सगळी आपलीच नसते.

उधारीबद्दल पंधरासोळाव्या वर्षी बोलायलाच हवं, आणि आकडे मांडूनच. महिन्याला ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं. चक्रवाढीनं २४ महिन्यांत मूळ रक्कम दुप्पट होते. आता १०० थकले आहेत आणि महिन्याला थकबाकीच्या फक्त ५ टक्के भरायचे, असं धरा. व्याजासह झाले १०३. त्यातले भरले ५.१५. उरले ९७.८५. खिशातून पाचाहून जास्त गेले, कर्ज जेमतेम दोननं उतरलं. हा हिशेब मुलाच्या हातानं बारा महिने पुढे करवून घ्या. एक संध्याकाळ पुरते.

मित्राला उसने द्यायचे असतील, तर परत आले नाहीत तरी चालतील एवढेच द्यावेत.

एक धोका मात्र मुलांना अगदी स्पष्ट शब्दांत सांगायला हवा. ‘तुझ्या खात्यात थोडे पैसे येतील, ते पुढे पाठव, काही टक्के तुला ठेव.’ अशी गळ ओळखीतल्या कुणाकडून किंवा समाजमाध्यमावरून येते. हे पैसे बहुधा फसवणुकीचे असतात आणि तपास सुरू झाला की पहिला माग त्या खात्यापर्यंतच लागतो. खातं गोठवलं जाऊ शकतं, गुन्हाही दाखल होऊ शकतो. कुणालाही आपलं खातं, कार्ड किंवा पिन वापरायला द्यायचं नाही, जवळच्या मित्रालाही नाही. असे पैसे आलेच, तर पुढे पाठवायचे नाहीत, खर्च करायचे नाहीत. त्याच दिवशी घरी सांगायचं आणि बँकेला कळवायचं.

(दृश्य: टेबलाच्या दोन बाजूंना मुलगी आणि तिचे बाबा. मध्ये वही.)

निवेदन:
दर सहा महिन्यांनी रकमेचा फेरविचार करा. तारीख आधीच ठरलेली असावी. भांडणाच्या दिवशी हा विषय काढू नये. वाढ मागायची असेल, तर मुलीनं मागच्या तीन महिन्यांची पानं आणि नव्या खर्चांची यादी घेऊन बसायचं. भाव वाढले असतील, तर तेवढी वाढ खळखळ न करता द्या. नवा खर्च सोपवणार असाल, तर त्याचे पैसेही सोबत द्या. मागणी नाकारायची असेल, तर कारण सांगा, आणि कोणता खर्च कमी करायचा हे तिलाच ठरवू द्या.