बुजवलेलं बावखल

(दृश्य : पहाट. नालासोपाऱ्याहून निर्मळकडे येणारा रस्ता. दोन्ही बाजूंना केळीच्या वाड्या. समोरून टँकर येतो.)

पहाटे साडेपाचला आमच्या गावात दोन आवाज एकत्र ऐकू येतात. एक चर्चच्या घंटेचा, दुसरा विहिरीवरच्या पंपाचा. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, निघालेल्या बायका रस्त्याच्या कडेला होतात, भरलेल्या टँकरला वाट देतात आणि पुन्हा चालू लागतात. टँकर पूर्वेला जातो, स्टेशनच्या बाजूला, इमारतींकडे. ज्या विहिरीवर तो भरला, तिचा मालक थोड्याच वेळात चर्चमध्ये येऊन गुडघे टेकेल. तो माझ्या नात्यातला आहे. त्याची प्रार्थना मनापासूनची असते, हे मी लहानपणापासून पाहत आलोय.

एकदा मी त्याला विचारलं, "दादा, दिवसाला किती गाड्या भरतोस?" त्यानं आकडा सांगितला नाही. म्हणाला, "विहीर माझी, सातबारा माझ्या नावावर, विजेचं बिल मी भरतो. पाणी काय चोरून विकतो का?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न मात्र मनातून गेला नाही.

(दृश्य : वसई किल्ल्याची तटबंदी. मग थेट वाडी, पाटाचं पाणी, केळीचे घड.)

वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. पोर्तुगीज गेले, आमचे ख्रिस्ती पूर्वज इथंच राहिले. वाडी उचलून नेता येत नाही. घरात आम्ही कादोडी ही आमची बोली बोलतो, देवाशी मराठीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली आणि माझ्या आजीला पहिल्यांदा कळलं की वेदीवर फादर नेमकं काय म्हणतात. तोवर तिचा देव वाडीतच जास्त होता. केळी, पानवेली, भाजी, फुलं. पहाटेच्या गाडीनं टोपली घेऊन मुंबईच्या बाजारात जायचं आणि दुपारी परत येऊन पुन्हा शिंपणं. हे सगळं ज्या पाण्यावर चालायचं, ते बावखलात असायचं.

(दृश्य : गावातलं एक शिल्लक बावखल. पाण्यावर शेवाळ, काठावर भेंडीचा वृक्ष. कॅमेरा बराच वेळ स्थिर.)

बावखल म्हणजे विहीर नव्हे आणि नैसर्गिक तळंही नव्हे. वाडीच्या सखल कोपऱ्यात माणसांनी हातानं खणलेला मोठा खोलगट खड्डा. खणताना निघालेली माती घराच्या जोत्याला जायची. पावसाळ्यात आजूबाजूच्या वाड्यांचं पाणी वाहत येऊन त्यात साचायचं, आणि साचता साचता मुरायचं. काठावर रहाट, रहाटाला बैल.

आमच्या बावखलाच्या काठावरही असंच एक भेंडीचं झाड होतं. त्याच्या खालच्या फांदीवर खंड्या बसायचा, एकटक पाण्याकडे बघत. मे महिन्यात तळ उघडा पडला की घरातली सगळी माणसं आत उतरायची, गाळ टोपल्यांनी उपसून केळीच्या बुंध्याशी टाकायची. तो गाळ काळाभोर, लोण्यासारखा मऊ. त्याला एक वास असायचा, कुजलेल्या पानांचा आणि शिंपल्यांचा मिसळून. माझी आत्या सांगते, सासरी पहिल्या पावसात अंगणात उभी राहिली की तिला तो वास आठवायचा आणि रडू यायचं.

बावखलाचं खरं काम डोळ्यांना दिसत नव्हतं. समुद्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. जमिनीखाली खारं पाणी आहेच. पावसाचं गोडं पाणी हलकं असतं, ते त्या खाऱ्या पाण्यावर थर धरून राहतं. वाळूच्या किनाऱ्यावरचा भूजलशास्त्राचा एक ढोबळ नियम आहे : गोड्या पाण्याची पातळी एक फूट खाली गेली की खालचं खारं पाणी चाळीस फूट वर चढतं. एकास चाळीस. आमच्या आज्यांना हा हिशोब कागदावर येत नव्हता. पण जितकं उपसायचं तितकं मुरू द्यायचं, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून वाडी तिथं बावखल.

पंप आला, मग बोअर आली, मग टँकर आला. आणि त्याच काळात बावखलं बुजू लागली. एका बाजूनं उपसा वाढला, दुसऱ्या बाजूनं मुरणं थांबलं. विहिरींचं पाणी आधी खाली गेलं, मग मचूळ झालं. मचूळ पाण्यावर पानवेल तग धरत नाही. पानं कडेनं करपत जातात आणि मुळाशी काही रोग सापडत नाही.

(दृश्य : गाळ्यांची रांग. त्यामागे काँक्रीट टाकलेली जागा, उभ्या मोटारसायकली.)

आमचं बावखल इथं होतं.

ते कुण्या बिल्डरनं बुजवलं असतं तर हे बोलणं मला सोपं गेलं असतं. आम्हीच बुजवलं. काकांना रस्त्याला लागून गाळे काढायचे होते, माझ्या बाबांनी मान डोलावली, आणि आठवडाभर डंपर येत राहिले. मुंबईत कुणाची तरी घरं पाडली होती, त्यांचं डेब्रिज. तुटक्या लाद्या, सिमेंटचे तुकडे, एका खोलीची निळी भिंत तर जवळजवळ अख्खी. मी शाळेतून येऊन बघत उभा राहायचो. शेवटच्या दिवशी पाणी कडेनं वर आलं, त्याबरोबर मासे वर आले, आणि आम्ही मुलांनी ते बादल्यांत गोळा केले. तेव्हा मजा वाटली होती.

त्याआधी कागद मोकळे करायचे म्हणून आत्याची सही घेतली होती. हक्कसोड. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. बापानं मृत्युपत्र केलं नसेल तर त्याच्या मिळकतीत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. कायदा इतका स्पष्ट असूनही आमच्या घराघरांत बहिणींनी सह्या करून दिल्या आहेत, भावांशी नातं तुटू नये म्हणून. आत्याला कुणी विचारलं नाही की बावखलाचं काय करायचं. तिनंही काही म्हटलं नाही. तिला साडी दिली.

बायबलमधली एक गोष्ट मी यानंतर बऱ्याच वर्षांनी नीट वाचली. उत्पत्तीच्या २६व्या अध्यायात आहे. अब्राहामाच्या काळात खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीनं बुजवल्या. मुलगा इसहाक त्या पुन्हा उकरतो आणि त्यांना बापानं दिलेलीच नावं देतो. मग त्याची माणसं गरारच्या खोऱ्यात नवी विहीर खणतात. जिवंत झरा लागतो, तशी तिथली गुराखी मंडळी धावून येतात : पाणी आमचं! इसहाक त्या विहिरीचं नाव ठेवतो एसेक, म्हणजे भांडण. पुढची विहीर, पुन्हा तोच तंटा, नाव सितना, म्हणजे वैर. तिसऱ्या विहिरीवर कुणी भांडत नाही. तिचं नाव रहोबोथ, ऐसपैस जागा.

लहानपणी प्रवचनात ही गोष्ट सहनशीलतेची म्हणून सांगितली जायची. मला मात्र आता त्यातला पहिला भाग टोचतो. इसहाकाच्या विहिरी परक्यांनी बुजवल्या होत्या. आमच्या आम्ही.

(दृश्य : नंदाखाल. चर्चचं आवार, नंतर जुनी छायाचित्रं : मोर्चा, फलक.)

हे सगळं होत असताना कुणी सांगितलं नाही, असं नाही. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो सांगत होते. 'सुवार्ता' मासिकाचे ते संपादक, १९८३पासून २००७पर्यंत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामांना मोकळा होऊ लागला तेव्हा हरित वसईची चळवळ उभी राहिली. तिच्यात हिंदू होते, ख्रिस्ती होते, मुसलमान होते. फादर पुढे होते. गुंडगिरीविरुद्ध, बेकायदा बांधकामांविरुद्ध, पाण्याच्या उपशाविरुद्ध ते बोलले, धमक्या आल्या तरी बोलले. चर्चमधलेच काही जण म्हणत, फादरनी वेदी सांभाळावी, जमिनीच्या भानगडीत पडू नये. माझे काकाही असं म्हणणाऱ्यांतले. मला वाटतं, आमच्या श्रद्धेचा खरा पेच या वाक्यात आहे. रविवारी एक तास देवाचा, आणि सातबारा आमचा.

पुढे २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एक पाद्री मराठीच्या संमेलनाचा अध्यक्ष कसा, असाही सूर निघाला. पाठीच्या दुखण्यानं ते बेजार होते, तरी गेले आणि बोलले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. वसईतल्या ज्या घरांशी त्यांचा झगडा झाला, त्या घरांतही त्या दिवशी हळहळ होती. आमच्या घरात होती.

(दृश्य : नालासोपारा. चौथ्या मजल्यावरचं एक स्वयंपाकघर. ओळीनं ठेवलेले हंडे, निळा पिंप.)

आता या बाजूला यावंच लागेल. २०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. मुंबईत घर परवडलं नाही म्हणून माणसं इथं आली. पहाटेच्या लोकलला लोंबकळत जातात, रात्री परततात. या घरातल्या ताई आमच्याशी बोलल्या, चेहरा दाखवू नका म्हणाल्या. नळाला पाणी येतं ते अवेळी आणि थोडं. बाकीचं टँकरवर. त्यांनी मला सरळ विचारलं, "तुम्ही म्हणता टँकर बंद करा. मग माझ्या पोरांनी काय प्यायचं?"

'माझा शेजारी कोण?' असा प्रश्न प्रभू येशूला एका शास्त्र्यानं विचारला होता. उत्तरात त्यानं वाटेवर पडलेल्या माणसाची गोष्ट सांगितली, आणि शेजारधर्म पाळणारा त्यात शोमरोनी निघाला, परका. या ताई माझ्या शेजारी आहेत. त्यांच्या तहानेला दोष देऊन वसई वाचवता येत नाही, आणि तसं वाचवणं मला नकोही आहे. इमारतीला परवानगी देताना पाणी कुठून येणार हे ज्यांनी पाहायचं त्यांनी पाहिलं नाही, त्याचं ओझं एका बाजूनं आमच्या विहिरींवर पडलं, दुसऱ्या बाजूनं या बाईच्या कमरेवर. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली सृष्टीच्या रक्षणावर परिपत्रक काढलं. पिण्याचं सुरक्षित पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असं त्यात लिहिलं आहे. ज्याला हक्क म्हणतो, ते गाडीच्या भावानं विकलं जातं तेव्हा विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही लाज वाटते. दादाच्या आवाजात मला ती ऐकू आली होती.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी आता देऊ शकतो. दादा, कठडा तुझा आहे. झरा शेजाऱ्याच्या वाडीखालून येतो. तुझा पंप चालतो तेव्हा तिथली पातळी खाली जाते आणि त्याची पानवेल करपते. 'चोरी करू नको' ही आज्ञा आपण एकाच बाकावर बसून पाठ केली होती.

(दृश्य : पुराची चित्रफीत. गुडघाभर पाण्यातले रूळ.)

९ आणि १० जुलै २०१८. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली, गाड्या बंद. वसईच्या मिठागरात सुमारे ४०० माणसं अडकलेली. आमच्या गाळ्यांमध्ये कमरेइतकं पाणी होतं. काकांनी पंप लावला, पण पाणी टाकायचं कुठं? आत्या तेव्हा आमच्याकडे आली होती. खिडकीतून बघत म्हणाली, "ते आपल्या जागेवर आलंय."

(दृश्य : गाळ्यांमागची जागा. फोडलेलं काँक्रीट, कुदळी, टोपल्या.)

यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात घरात बोलणं झालं. चुलतभाऊ म्हणाला, गाड्या कुठं लावायच्या? रास्त प्रश्न आहे. वाद झाले, दोन रविवार कुणी कुणाशी धड बोललं नाही. शेवटी अर्ध्या जागेवर तडजोड झाली. अख्खं बावखल परत येणार नाही, पुढचे गाळे तसेच राहतील. मागची अर्धी जागा उकरायची.

मे महिन्यात खणायला घेतलं. आधी काँक्रीट निघालं, मग लाद्या, प्लास्टिक, गंजलेल्या सळ्या. तिसऱ्या दिवशी निळ्या भिंतीचा एक तुकडा हाती आला, रंग अजून तसाच. त्याच्या खाली काळी माती लागली. आत्याला बोलावलं. ती काठाला बसली, पदर खोचला, हातात चिखल घेऊन नाकाशी नेला. काही बोलली नाही.

संध्याकाळपर्यंत तळाशी वीतभर पाणी झिरपलं. चुलतभावानं तांब्यात घेऊन वर दिलं. आत्यानं घोट तोंडात घोळवला आणि थुंकला.

"मचूळ आहे," ती म्हणाली. "दोन-तीन पावसाळे जाऊ दे. आणि तोवर पंप लावू नका कुणी."