बरोबरी झाली, आता काय करुचा?

(मालवण परिसरातील स्पर्धा-आयोजकांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित)

मंडळी, तुमच्यापैकी बहुतेकांनी गोल्फची काठी हातात धरलेली नसेल. मीही खेळाडू नाही. पण मुंबईत चाकरीला असताना एका क्लबात बरीच वर्षं मी स्पर्धेची कार्डं तपासली. तुम्ही कबड्डी भरवता, होड्यांच्या शर्यती घेता, गणपतीत भजनांच्या स्पर्धा लावता. म्हणून ते काम तुम्हाला सांगावंसं वाटतं.

रविवारी संध्याकाळी टेबलावर कार्डांचा ढीग यायचा. पेन्सिलीने लिहिलेली, घामाने मऊ पडलेली. 18 होल, म्हणजे चेंडू घालवायचे खळगे, आणि प्रत्येकापुढे फटक्यांचा आकडा. ज्याचे फटके कमी, तो पुढे. आता दोघांचेही 78 झाले तर? एकाचे पहिल्या नऊ होलांत 41 आणि नंतरच्या नऊत 37. दुसऱ्याचे 38 आणि 40. बक्षीस पहिल्याचं, कारण शेवटच्या नऊत त्याचे फटके कमी. याला काउंटबॅक म्हणतात. तिथेही बरोबरी निघाली तर शेवटचे सहा होल, मग शेवटचे तीन, मग एकटा अठरावा.

हँडिकॅप असेल तर एक पायरी वाढते. हँडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट. समजा, एकाचे 90 फटके आणि सूट 18. दुसऱ्याचे 84 आणि सूट 12. दोघेही 72 वर आले. शेवटच्या नऊत एकाचे 46, दुसऱ्याचे 42. नऊ होलांना सूटही निम्मीच धरायची: 46 मधून 9 गेले, 37 उरले, 42 मधून 6 गेले, 36 उरले. दुसरा जिंकला. सहा होलांना सूट एक तृतीयांश, तीन होलांना एक षष्ठांश.

एकदा एक गृहस्थ माझ्या टेबलाशी आले, चेहरा लालबुंद. त्या दिवशी सगळ्यांनी एकाच वेळी वेगवेगळ्या होलांवरून सुरुवात केली होती आणि यांची दहाव्यावरून. म्हणाले, "तुम्ही ज्यांना माझे शेवटचे नऊ म्हणता, ते मी सकाळी सगळ्यात आधी खेळलो!" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण अशा वेळीसुद्धा शेवटचे नऊ म्हणजे कार्डावरचे 10 ते 18 धरावेत, अशीच नियमांची शिफारस आहे आणि आमच्या फलकावर सकाळपासून तसं लिहिलेलं होतं. मी फलक दाखवला. त्यांनी वाचला, हात मिळवला आणि गेले. तो फलक नसता तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मोठ्या स्पर्धांत पहिला नंबर कार्डावर ठरवत नाहीत, पुन्हा खेळवतात. 1931 च्या यूएस ओपनमध्ये बिली बर्क आणि जॉर्ज व्हॉन एल्म बरोबरीत आले. त्यांना आणखी 36 होल खेळवले, तरी बरोबरी. पुन्हा 36. अखेर बर्क एका फटक्याने जिंकला. 2008 मध्ये त्याच स्पर्धेत टायगर वूड्स आणि रॉको मीडिएट सोमवारी पूर्ण 18 होल खेळले, तरी सुटलं नाही. एकोणिसाव्यावर वूड्स जिंकला, तोही पायाचं हाड दुखावलेलं असताना. 2018 पासून तिथे दोन होलांची बेरीज आणि मग सडन डेथ, म्हणजे जो पहिल्यांदा एखादा होल कमी फटक्यांत संपवेल तो विजेता. ब्रिटनच्या ओपन आणि अमेरिकेच्या पीजीए स्पर्धेत तीन होलांची बेरीज, मास्टर्समध्ये थेट सडन डेथ. आणि 1949 मध्ये मोटर सिटी ओपनला मिडलकॉफ आणि मँग्रम सडन डेथचे अकरा होल खेळले, अंधार पडला, तेव्हा दोघांनाही विजेते ठरवलं. मला तो निर्णय फार आवडतो.

काउंटबॅक परिपूर्ण आहे असं मी म्हणणार नाही. सकाळचा फटका आणि दुपारचा फटका सारख्याच मोलाचा, मग शेवटालाच वजन का? पण 2019 च्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली आणि इंग्लंडचे चौकार-षटकार जास्त म्हणून न्यूझीलंड हरलं. नियम कच्चा होता, पुढे बदललाही. तरी तो आधीपासून लिहिलेला होता, म्हणून त्या नियमावरून पंचांना लबाड म्हणता आलं नाही.

माझ्या लहानपणी एका गावच्या भजन स्पर्धेत दोन मंडळांना सारखे गुण पडले. पत्रकात काहीच नव्हतं. "आता काय करुचा?" म्हणत रात्री दोनला पाहुण्यांना विचारलं आणि पाहुण्यांनी आपल्या ओळखीच्या बुवांचं नाव घेतलं. माझे वडील दुसऱ्या मंडळात पखवाज वाजवत. त्यानंतर त्या दोन वाड्यांनी कितीतरी वर्षं एकमेकांच्या आरतीला पाऊल टाकलं नाही.

गेल्या वर्षी आमच्या स्पर्धेचं पत्रक छापायला जाण्याआधी मी एक ओळ घालून घेतली: 'गुण समान आल्यास गजराचे गुण पाहावेत, तेही समान असल्यास गवळणीचे, तरीही समान असल्यास बक्षीस विभागून.' स्पर्धेच्या रात्री ती ओळ माइकवर मोठ्याने वाचली, सगळ्या बुवांनी खाली सह्या केल्या आणि मग पेटी उघडली.